यंदाचा दुधी

नवीन पनवेल
९ जुलै १९९५

चि. निनाद,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा तुझे बाबा मागच्या अंगणात चिखलात उभे होते, म्हणून ते थेट माझ्या हाती पडलं. वाचून डाळीच्या डब्यामागे ठेवलंय. तुझं पत्र आलेलं कळलं की हे दोन दिवस जेवताना तोंड उघडत नाहीत. गिरगावात निदान शेजारच्यांचा रेडिओ तरी ऐकू यायचा. इथे ते नाही बोलले तर फक्त बेडूक बोलतात.

तू विचारतोस, "शेती काय म्हणते?" त्यातला टोमणा कळला बरं मला. आई आहे मी तुझी. तरी सांगते. मेथी छान आली, आठवडाभर आम्ही मेथीच खाल्ली. टोमॅटोला फुलं आली, पण पावसाचं पाणी साचलं आणि रोपं उभ्याउभ्या कुजली. भेंडीची पानं पिवळी पडली. पपई मात्र माणसाच्या डोक्यावर गेली, रोज मोजायचे हे, आज किती वाढली. शेवटी सगळी झाडं नर निघाली. आपल्याकडे शेण घेऊन येणारी हौसा आहे ना, बेलपाड्याची, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, सगळे बापयेच लावलेस की! यांना काय पोरं व्हनार हाय?" मला हसू आवरेना. हे दिवसभर तिच्यावर आणि माझ्यावर रुसून बसले.

एक अळू तेवढं माजलंय. ते कुणी लावलं नाही, कुणी त्याला खत घातलं नाही, मोरीच्या पाण्यावर आपलं आपण वाढतंय. तुझ्या बाबांना ते बघवत नाही. वडी केली तर खातात, पण बागेतली म्हणून मोजत नाहीत.

आता सगळी भिस्त दुधीवर आहे. गेल्या वर्षी काय झालं ते तुला लिहिलं नव्हतं. वेलाला मादी फुलं आली, ज्यांच्या देठाशी इवलासा दुधी असतो ती. पण नर फुलं किड्यांनी खाऊन टाकली. शिवाय या नव्या वसाहतीत मधमाश्या कुठल्या यायला? फुलं एकेक करून गळायला लागली. मग यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की नर फूल हाताने आणून मादी फुलाला लावायचं. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. नाल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर दुधीचाच एक वेल आपोआप उगवलेला आहे, त्याची फुलं खुडून आणायचे आणि आपल्या फुलांना लावत बसायचे. मी बघायला गेले तर म्हणाले, "तू आत जा." जसं काही मी वधूपक्षाची आणि मुहूर्त टळतोय. एवढं करून एकच दुधी धरला. तो खाल्ला नाही, वेलावरच वाळवून बी काढलं. ते घरचं बी या जूनमध्ये लावलंय. बाजारचं बी आणू म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

हसू नकोस. हे सगळं कुणासाठी चाललंय ते तुलाही ठाऊक आहे. त्या भरावाच्या मातीत गवतसुद्धा उगवणार नाही, असं तूच म्हणाला होतास. न विचारता गिरगावची जागा सोडली म्हणून तुला राग आला, तो मला समजतो. तू त्या खोलीत जन्मलास, लहानाचा मोठा झालास. पण "मरायलाच जायचं तर एकटे जा, आईला कशाला नेताय" हे बोलायचं होतं का? आणि त्यांनी तरी "मग मी मेल्यावरच ये" म्हणावं? दोघांनीही उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तू पुण्याला गेलास, हे मातीत गेले. ते शब्द माझ्याजवळ राहिले. यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. पहाटे ते लवकर उठले नाहीत की मी आधी त्यांची छाती हलते का बघते.

पत्राचं उत्तर पाठव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आई


२७ ऑगस्ट १९९५

चि. निनाद,

ऐक, दुधी लागले! एक नाही, दोन नाही, वेल स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढून गच्चीच्या कठड्यापर्यंत गेलाय आणि जागोजागी दुधी लोंबतायत. या वेलाला जोरच काही वेगळा आहे. नर फुलंही भरपूर आली आणि यांनी संध्याकाळी फुलाला फूल लावायचा उद्योग चालूच ठेवला.

तुझ्या बाबांना तू ओळखतोस. आयुष्यात कधी मांजर आडवं गेलं म्हणून थांबले नाहीत. माझ्या आईच्या उपासांची टिंगल केली. आता मात्र घरी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगतात, कोवळ्या दुधीकडे बोट दाखवायचं नाही, कुजतो. दाखवायचंच तर बोट वाकवून दाखवा. परवा विम्याच्या ऑफिसातले त्यांचे जुने साहेब आले होते, त्यांचं बोट यांनी हवेतच धरलं. साहेब बिचारे चहा न घेता गेले.

मला आनंद झालाय असं तुला वाटेल. झालाय, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. रक्तदाब पुन्हा वर गेला. डॉक्टर म्हणाले, ऊन टाळा, दगदग टाळा. हे ऐकतील तर ना! त्यातून समोरच्या रांगेतले प्रधान भेटले. सकाळी फिरायला बरोबर जातात दोघं. प्रधानांनी सांगितलं की रोज अनशापोटी दुधीचा रस घेतला की रक्तदाब, हृदय सगळं ताळ्यावर येतं. झालं! आता घरचेच दुधी, घरचाच रस. मी म्हटलं, गोळी चालू ठेवा. म्हणाले, बघू.

परवा गणपती. दीड दिवसाचाच आहे. गेल्या वर्षी तू आला नाहीस, तेव्हा आरतीला घंटा वाजवायला कुणी नव्हतं, मीच एका हाताने टाळ्या आणि एका हाताने घंटा असलं काहीतरी केलं. यंदा ये. मी यांना विचारलेलं नाही, पण परवा बोलता बोलता म्हटलं, मोदक जास्तच करते, कुणी येईल जाईल. तर नाही म्हणाले नाहीत. गूळ किती लागेल एवढंच विचारलं. निनाद, हे लहान नाही.

आई


१० सप्टेंबर १९९५

चि. निनाद,

रजा मिळाली नाही असं लिहिलंस. मिळत नसेल. मोदक उरले ते वाटले. त्या दोन दिवसांत फाटक वाजलं की हे मागून पुढे यायचे आणि दूधवाला किंवा हौसा दिसली की, "ती पहार कुठे ठेवलीस?" असं मलाच विचारायचे. पहार मी काय पदराखाली घेऊन फिरते?

दुधी भरपूर निघतायत. अगदी गोड आहेत. तू म्हणायचास गवत उगवणार नाही, तर आता आम्ही ओळीने सगळ्या घरांत दुधी वाटतोय. प्रधानांकडे पहिला गेला. दुसरा पाठवला तेव्हा वहिनी म्हणाल्या, नको, आमच्याकडे खाणारं कुणी नाही. त्यांच्या घरात सहा माणसं आहेत, पण असेल एखाद्याच्या घरी नावड. हौसाही एक घेऊन गेली. नंतर मी विचारलं, कसा लागला गं? तर म्हणाली, "काकू, आमी गरीब मानसं, आमाला सुकट बरी," आणि शेणाची पाटी रिकामी करून चालायला लागली.

हे रोज सकाळी ग्लासभर रस पितात. पुदिना, मिरी, तुळशीची पानं घालून. पिताना तोंड वाकडं करतात, पण नेमाने पितात. मध्ये दोनदा मळमळलं, पण हवा बदलते आहे. मला स्वतःला सध्या दुधी सोसत नाही, मी आपली आमटी-भात खाते.

आज पितृपक्ष सुरू झाला. या दिवसांत मला उगाचच धसका वाटतो. तू सांभाळून राहा, स्कूटर सावकाश चालव.

आई


पनवेल, गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५

चि. निनाद,

हे पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. आधी हे सांगते, की तुझे बाबा आहेत. सलाईन लावलंय, आत्ता डोळे मिटून पडलेत. आता बाकीचं वाच.

काल सकाळी रस पिऊन झाल्यावर अर्ध्या तासात त्यांना उलट्या सुरू झाल्या. थांबेचनात. मग जुलाब. मी लिंबू-पाणी दिलं, तेही बाहेर. पुढच्या उलटीत रक्त दिसलं. ते मोरीजवळ भिंतीला टेकून बसले होते, कपाळ गार, मला म्हणाले, "वसू, काही होत नाही," आणि आडवे झाले. मी रस्त्यावर धावले. नशिबाने हौसा येत होती. तिने पाटी टाकली आणि भर रस्त्यात उभं राहून विटांचा टेम्पो अडवला. ड्रायव्हर शिव्या घालत होता, ती त्याच्या वर ओरडत होती, "मानूस मरतंय आन् तुला विटांची पडलीय!" यांना टेम्पोत चढवताना मला म्हणाली, "काकू, रडू नको, आमी हाय ना." विटांवर बसून मी तुझ्या बाबांचं डोकं मांडीवर घेऊन आले.

डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारलं, काल काय खाल्लं? मी म्हटलं, खाल्लं नाही, सकाळी प्यायले. दुधीचा रस. तर त्यांनी सरळच विचारलं, "कडू होता का?"

निनाद, मी तुला लिहिलं होतं दुधी गोड आहेत. ते खोटं होतं. कडू होते. पहिला जरासा कडवट होता, पुढचे जास्त. दुधी चिरताना आधी फोड चाखायची आणि कडू निघाला तर टाकून द्यायचा, हे मला माझ्या आईने परकर नेसायच्या वयात शिकवलंय. मी पहिलाच दुधी चाखला आणि यांना सांगितलं, हा कडू आहे, टाका. ते म्हणाले, "कडू तेच औषध. कारलं कडू नसतं? किराईत कडू नसतं?" आणि माझ्याकडे बघितलं. "अगं, दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी भरभरून उगवलंय," असं ते बघणं होतं. मी गप्प बसले. भाजीला मी बाजारातून दुधी आणायचे आणि घरचा म्हणून वाढायचे. रसाचं म्हटलं, जाऊ दे, कडू आहे तर आपणच सोडतील दोन दिवसांत. तो माणूस काही सोडेल असं मला कसं वाटलं? तुझ्यासमोर हार नको म्हणून तो विष प्यायला, आणि तू हसू नयेस म्हणून मी तुला गोड लिहिलं. आपण तिघंही एका माळेचे मणी.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. पण रक्तदाब फार खाली गेलाय, चोवीस तास बघावं लागेल.

काल दुपारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथपर्यंत गेले. तुझ्या कंपनीचा नंबर मला पाठ आहे. पाच आकडे फिरवले आणि फोन खाली ठेवला. का, ते सांगते. तू दारात उभा राहिलास तर यांना काय वाटेल? मेल्यावरच ये म्हणालो होतो आणि हा आला, म्हणजे माझं आटोपलं. डॉक्टर म्हणतात मनाला धक्का नको. आणि नाही कळवलं आणि काही झालंच, तर तू मला जन्मभर माफ करणार नाहीस, आणि मीही करणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आज सकाळी पुन्हा गेले होते, तर बूथवाला कुलूप लावून गेलेला. सगळं गाव गणपतीला दूध पाजायला गेलंय. म्हणे मूर्ती दूध पितेय. नर्स वाटी-चमचा घेऊन जाऊन आली. मीही इथूनच हात जोडले, म्हटलं, देवा, दूध सावकाश पी, पण आधी इकडे बघ.

मी लिहिते आहे ते यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. पण कालपासून एक आहे, दार वाजलं की मान वळवून बघतात. नर्स असते, नाहीतर शेजारच्या पेशंटचं कुणी. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करतात. घाबरलेत रे. मी कधी त्यांना असं घाबरलेलं पाहिलं नाही.

पत्र टाकू का नको, ते संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले की ठरवेन.

आई


नवीन पनवेल
२८ सप्टेंबर १९९५

चि. निनाद,

मागचं पत्र मी टाकलंच नाही. पिशवीत तसंच राहिलं. ते या पत्रासोबत पाठवते आहे. आधी ते वाचलं असशील तर पाणी पी आणि मग हे वाच. बाबा घरी आलेत. अशक्त आहेत, मऊ भात आणि ताक चालू आहे, पण धोका टळला.

दुधीचं कोडंही सुटलं. प्रधान म्हणत होते, बी तर घरचंच, मग कडू कसा? मी काल नाल्याकडे जाऊन त्या रानच्या वेलाचं फळ फोडलं, बोटाने जिभेला लावलं आणि थुंकले. तासभर तोंड कडू होतं. गेल्या वर्षी त्याच वेलाची नर फुलं आणून यांनी आपल्या फुलाला लावली होती. त्या वर्षीचा दुधी दिसायला आपला, पण पोटातलं बी त्या कडू बापाचं. यंदा ते उगवलं. म्हणून तर वेलाला एवढा जोर होता. सगळा वेल मी मुळासकट उपटला. यांना सांगून उपटला. खिडकीतून बघत होते. म्हणाले, "कठड्यावरचा राहिला बघ," एवढंच.

आता मुख्य सांगायचं ते. रविवारी घरी आल्यावर मी त्यांना उशी देऊन बसवलं. चहा दिला, तो हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. मग म्हणाले, "त्याला फार काम असेल."

मी विचारलं, कुणाला?

"निनादला. चार दिवसांत पुण्याहून येता येत नाही, एवढं काम असेल."

मी म्हटलं, अहो, त्याला कळवलंच नाही मी.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं पुन्हा काही होतंय. म्हणाले, "तू लिहीत होतीस ना? मी पाहिलं. फोनला गेलीस तेही पाहिलं."

मी म्हटलं, फोन केला नाही. पत्र टाकलं नाही. तुम्हाला धक्का बसेल म्हणून.

"म्हणजे त्याला ठाऊकच नाही?"

नाही.

"ठाऊक असून आला नाही, असं नाही?"

नाही हो, नाही.

निनाद, तुझे बाबा रडले. तुझ्या आजोबांना पोचवून आले तेव्हा हा माणूस रडला नव्हता. चहा सांडला चादरीवर. मी पुसायला गेले तर माझा हात धरून बसले. चार दिवस ते दाराकडे बघत होते ते घाबरून नाही रे. वाट बघत होते. आणि मी बाजूला बसून, मोठी शहाणी, तुझ्यापासून त्यांना जपत होते. दर वेळी दार वाजलं की त्यांना कळायचं, आपला मुलगा आला नाही. असं किती वेळा ते कळलं असेल, ते मला मोजायचंही नाही. त्यातच काही बरंवाईट झालं असतं तर ते तेवढंच मनात घेऊन गेले असते, आणि तुला शेवटपर्यंत पत्ता लागला नसता.

मग त्यांनी कपात उरलेला चहा गरम करून मागितला. वर बिस्किटही मागितलं, मी दिलं नाही.

काल विचारत होते, पुण्याच्या एसट्या हायवेलाच सोडतात की स्टँडात येतात? मी म्हटलं, तुम्हाला कुठे जायचंय? म्हणाले, "मला कुठे जायचंय! सहज विचारलं." आज सकाळी प्रधानांनाही तेच विचारलं. प्रधान म्हणाले, काही हायवेला, काही स्टँडात. तेव्हापासून चिंतेत आहेत.

मी तुला ये म्हणणार नाही. गणपतीला म्हटलं होतं. आता तू सगळं वाचलंयस, तुझं तू ठरव.

हे पत्र मंगळवारीच टाकायचं होतं. पण मी सही करत होते तेव्हा म्हणाले, "खाली जरा जागा ठेव. मी दोन ओळी लिहीन." म्हणून हे अर्धं पान सोडलं. परवापासून रोज पेन घेऊन बसतात, चष्मा पुसतात, 'चि.' कसा काढायचा ते आठवत असल्यासारखे कागदाकडे बघतात आणि उठतात. आज म्हणाले, उद्या लिहितो. मी आता थांबणार नाही, मघाशीच वरची तारीख बदलली. हौसा स्टँडाकडे निघाली आहे, तिच्या हाती पेटीत टाकायला देते.

खालची जागा त्यांची आहे. मी तिथे काही लिहिलेलं नाही.

आई